पंकमधून गायक वजा केला तर

पंक रॉक म्हणजे तीन कॉर्ड आणि आरडाओरडा, शब्द काढले तर उरतं काय, असं माझा एक मित्र नेहमी म्हणतो. त्याला मी ब्लॅक फ्लॅग या अमेरिकन पंक बँडची १९८५ची 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट' ही ईपी (म्हणजे छोटी रेकॉर्ड) पाठवलीय. त्यांचा गायक हेन्री रॉलिन्स तेव्हा बँडमधेच होता पण या रेकॉर्डवर एक अक्षर गात नाही, ग्रेग गिनची गिटार वाट्टेल तिथे वळते, बेसूर होते, परत येते. गिनने त्याच सुमाराला गॉन नावाचा तिघांचा बँड पण काढला, तोही बिनगायकाचा. आणि गंमत बघा, पुढे रॉलिन्सने स्वतःचा बँड उभा केला तेव्हा ड्रमर आणि बेसवाला गॉनमधलेच घेतले! (गिनला काय वाटलं असेल देव जाणे.)

पण सध्या सगळ्यात जास्त ऐकतोय तो मेस्थेटिक्स हा बँड. वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड १९८७पासून, त्याचा बेसवाला जो लॅली आणि ड्रमर ब्रेंडन कॅन्टी. फुगाझी थांबल्यावर बऱ्याच वर्षांनी या दोघांनी जॅझच्या अंगाने वाजवणाऱ्या अँथनी पिरॉगला गिटारवर घेतलं आणि गायक घेतलाच नाही. पहिला अल्बम २०१८ला डिस्कॉर्डवर, म्हणजे फुगाझीचाच गायक इयन मकाय याच्या कंपनीकडून आला, आणि २०२४ला सॅक्सोफोनवाला जेम्स ब्रँडन लुईस सोबत घेऊन थेट इम्पल्स लेबलवर, जिथून जॅझ सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या रेकॉर्ड निघायच्या. ऐकताना कळतं की फुगाझीत मकाय आणि दुसरा गायक पिचोटो ओरडायचे तेव्हा आपलं लक्ष तिकडे, आणि गाणं उचलून धरलेलं असायचं या दोघांनी. लॅलीचा बेस तोच आहे, हटत नाही, फक्त आता त्याच्यावर कोणी बोलत नाही.

याउलट ते पंक गाण्यांचे व्हायोलिन-चेलो वाले अल्बम आणि बाळांसाठीची अंगाई व्हर्जन्स, मला अजिबात झेपत नाहीत. रामोन्स या पंक बँडचा १९७६चा पहिला अल्बम १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत संपवतो, गिटारवर जॉनी रामोनचा हात नुसता वरून खाली वरून खाली, आणि तुम्ही तो हातच काढून टाकून वर झायलोफोनची टिंगटिंग ठेवता? शब्द गेले तर चालतील हो, मार गेला तर काय उरलं.

आणि बिनशब्दांचं गाणं कसं वाजवावं हे आमच्या तळकोकणात शिकवायला नको, बेंजो पार्टी आहे की. बटणं दाबत पिकने तारा छेडायच्या, तो आवाज टेम्पोवरच्या भोंग्यातून असा करकरीत येतो की हळदीला आलेली म्हातारी माणसं पण उठतात. गायक लागतच नाही, मुखडा वाजला की शब्द लोक स्वतःच म्हणतात. मला तर वाटतं बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडच्या चाली बेंजोवर मस्त बसतील, पीट शेलीच्या गाण्यांत मुखडा कसा पहिल्यांदा ऐकला की डोक्यात अडकतो.

म्हणून कणकवलीतल्या एका बेंजोवाल्या दादाला बझकॉक्स ऐकवलं. मान हलवत ऐकलं त्याने, मग म्हणाला, "चाल बरी आसा रे, पण ढोलवाल्यान करूचा काय? सगळा एकाच स्पीडात धावता."

बरं म्हटलं, मग पब्लिक इमेज लिमिटेड लावलं. सेक्स पिस्टल्स १९७८च्या जानेवारीत फुटला आणि त्याच वर्षी त्याचा गायक जॉन लायडनने हा बँड काढला, त्यांचा १९७९चा 'मेटल बॉक्स' खरोखरच पत्र्याच्या गोल डब्यातून विकायला आलेला, आणि त्यात जा वॉबलचा बेस आहे, डब म्हणजे जमैकन रेगेच्याच एका प्रकारावर पोसलेला, संथ आणि जाडजूड. दादाने डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला.

"ह्येच्यार ढोल बसात," म्हणाला. "हो वरडता तो तेवढो काढून टाक."