ध प म ग रे सा

वाशीच्या एका हॉटेलात मी नऊ वर्षं फ्रंट डेस्कवर आहे. पाहुणे डॉक्टर मागतात, शिंपी मागतात, रात्री दोन वाजता वरणभात मागतात. मागच्या हिवाळ्यात इंग्लंडहून आलेल्या एका मॅडमनी विचारलं, "शनिवारी संध्याकाळी माझ्याबरोबर घंटा वाजवायला दोन माणसं मिळतील का?"

बॅगेतून त्यांनी मोज्यांत गुंडाळलेल्या सहा घंटा काढल्या. काशाच्या, चामडी मुठीच्या. आतला लोलक फक्त मागे-पुढे हलणारा, म्हणजे मनगटाच्या एका झटक्याला नेमका एक ठोका. त्यांच्याकडे ही जुनी रीत आहे. प्रवासाला निघालं की त्या गावच्या घंटावाल्यांना आधी कळवायचं आणि एक संध्याकाळ त्यांच्यात जाऊन बसायचं. मॅडमचा मूळ बेत पुण्याचा होता, पण कामामुळे तो रद्द झाला. पंचहौद मिशनच्या चर्चच्या मनोऱ्यात अशा क्रम बदलत जाणाऱ्या वादनासाठी टांगलेल्या आठ घंटा आहेत, हे मला त्यांच्याकडून कळलं. आपल्याला पंचहौद म्हटलं की 1890 चं टिळक-रानड्यांचं चहा प्रकरण तेवढं आठवतं.

मी दोन चर्चना आणि तीन संगीत क्लासना फोन केले. हँडबेल कुणाकडेच नव्हत्या. मग वाटलं, घंटा तर यांच्याकडे आहेतच, हव्यात ती ठोका न चुकवणारी माणसं. ती आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी भजनाला बसतात. मीही त्यांच्यात टाळ धरतो. बुवांना फोन केला. ते म्हणाले, "घेऊन ये रे त्यांना. पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं?"

मॅडम सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि सहाही घंटा ओळीने वाजवून दाखवल्या. बुवांनी लगेच पेटीवर बोटं ठेवली. "ध प म ग रे सा. अवरोह आहे हा!"

पण यात चाल नसते. प्रत्येक ओळीत प्रत्येक घंटा एकदाच वाजते आणि दर ओळीला क्रम बदलतो. एका वेळी कुठलीही घंटा फार तर एक जागा सरकते. सहा घंटांचे असे 720 क्रम होतात. आम्हाला त्यांतली सगळ्यात सोपी, बारा ओळींची फेरी शिकायची होती. घंटांना उंच सुराकडून खाली एक ते सहा असे आकडे असतात. प्रत्येकाच्या हातात दोन घंटा. तीन-चार ही अवघड जोडी मॅडमनी घेतली, एक-दोन पखवाजवाल्या काकांना दिली, पाच-सहा मला.

मी आकडे देवनागरीत लिहून समोर ठेवले होते आणि तिथेच चुकत होतो. आकडा वाचेपर्यंत ठोका निघून जायचा. एक चुकला की सगळे थांबायचे. असं आठ-दहा वेळा झालं. मंडळी चहा घेऊन आली तरी आम्ही चौथ्या ओळीच्या पुढे सरकलो नव्हतो. मॅडम एकदाही वैतागल्या नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणायच्या.

काकांनी शेवटी माझा कागद उलटा करून ठेवला. "वाचू नको. तुझ्या दोन घंटांच्या मध्ये दुसऱ्याचा एकच ठोका येतो. टोकाला गेल्या की दोन्ही लागून वाजतात. आणि दोन ओळी झाल्या की एका ठोक्याची जागा मोकळी सोडतात. ऐक की!" पखवाज वाजवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाने ते कानाने पकडलं होतं. मॅडमना मी इंग्रजीत सांगितलं, तर त्या काकांकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, हे समजायला त्यांना स्वतःला काही महिने लागले होते.

मी डोळे मिटले. चौथी ओळ गेली, पाचवी, सहावी. आणि सातव्या ओळीला माझ्या डाव्या हातातून सा निघाला, मग उजव्यातून रे, पुढे मॅडमचे ग, म, काकांचे प, ध. "आरोह आला!" बुवा ओरडले. फेरीच्या बरोबर मध्यावर ओळ पूर्ण उलटी होते. कागदावर ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिथून पाच ओळी परतीच्या, आणि पुन्हा ध प म ग रे सा. देवळात क्षणभर कुणीच बोललं नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

नंतर त्या गजर संपेपर्यंत टाळ वाजवत बसल्या. निघताना म्हणाल्या, घरी आठ घंटांचा संच आहे, पण त्याला चार माणसं लागतात. मी भाषांतर करून सांगितलं.

"चारच?" बुवा म्हणाले. "आपण अठरा जण आहोत. घेऊन या म्हणावं."