आमची वाटचाल : रांगोळीच्या फुलीपासून निघोजच्या खळग्यांपर्यंत

2019 ला ड्रोनने जमिनीची मोजणी करून थ्रीडी नकाशे बनवायला सुरुवात केली तेव्हा भांडवल म्हणजे एक ड्रोन, एक सेकंडहँड गेमिंग पीसी आणि बाबांची शंका. बाबा जुने मोजणीवाले, आधी डंपी लेव्हल (जमिनीची पातळी बघायची दुर्बीण) आणि नंतर टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) खांद्यावर टाकून अख्खं मुळशी-पुरंदर फिरलेले. ड्रोनचा डबा उघडला तर म्हणाले, लग्नात उडवतात तेच ना हे, यातून पातळी काय कळणार कपाळ?

आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं उडवलं कमी नि कागदपत्रं जास्त केली. त्यात पुण्यात राहून पुण्यात उडवायचं म्हणजे अवघडच, इकडे लोहगावला हवाई दल, तिकडे खडकवासल्याला एनडीए. घर चाललं ते बाबांच्या टोटल स्टेशनच्या कामांवर. 2021 ने आम्हाला तारलं. 15 फेब्रुवारीला नकाशे आणि सर्व्हेचे नियम सैल झाले, 25 ऑगस्टला ड्रोन रूल्स आले, ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारच्या ड्रोन नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात, 400 फुटांपर्यंत परवानगीची भानगड संपली. मी ट्रेनिंग करून पायलटचं सर्टिफिकेट काढलं आणि पहिलं मोठं काम मिळालं, पुरंदरमधल्या एका गावाचं पाणलोट. सलग समतल चर (पाणी अडवायला उतारावर एकाच पातळीत खणलेले) कुठून न्यायचे ते ठरवायला त्यांना डोंगराची थ्रीडी पाहिजे होती. पुरंदर म्हणजे सोनोरीवाला तालुका, गावठाणाची ड्रोन मोजणी करून बघितली ते सोनोरी, त्यामुळे लोकांना ड्रोनचं नवल नव्हतं.

नवल आम्हीच केलं. फाइल पाठवली आणि तिसऱ्या दिवशी इंजिनिअरचा फोन, "अहो साहेब, आमच्या पाझर तलावाचा सांडवा तुमच्या नकाशात 64 मीटर खाली गेलाय, तलाव पाताळात आहे का आमचा?" घाम फुटला. झालं असं होतं की जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून आणि आपण सगळे बोलतो समुद्रसपाटीपासून, आणि आपल्या भागात या दोन्हीत साधारण 60-65 मीटरचा फरक पडतो, तो फरक मी धरलाच नव्हता. बाबा काही बोलले नाहीत, नुसते चहा पीत बसले, ते जास्त लागलं.

त्याच कामात दुसरा घोळ. ड्रोन एकावर एक येतील असे फोटो काढतो, आम्ही पुढेमागे 80 टक्के आणि बाजूला 70 टक्के ओव्हरलॅप ठेवतो, मग सॉफ्टवेअर तोच दगड पाचसात फोटोंत ओळखतं आणि त्यावरून उंची काढतं. पण खाली जमिनीवर मोजलेल्या खुणा नसतील तर सपाट माळसुद्धा मधे फुगून पालथ्या परातीसारखा दिसतो, आमचा दिसला. म्हणून खुणा करायला लागलो. आधी रांगोळीच्या फुल्या, त्या शेळ्यांनी तुडवल्या. मग जुन्या इलेक्शनच्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू कापून चौकोन केले, ते कोणीतरी कडब्यावर झाकायला नेले (सगळे, एकही सोडला नाही). आता कातळावर सरळ ऑइल पेंट नि मधे खिळा. त्या खुणा मोजायला डोंगर चढायचा तो चढायचाच, करवीतून वाट काढत. 20 मिनिटांचं फ्लाइट आणि दिवसभराची तंगडतोड, असं आहे आमचं हायटेक काम. वर घारी आहेतच, घरटं जवळ असलं की सरळ ड्रोनवर झडप.

2024 च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशी भीती पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत पसरली. आमचा काय संबंध, आम्ही दिवसा उडवणारे, तरी दोनदा घेराव झाला. चूक लोकांची नव्हती, न सांगता कोणी डोक्यावर मशीन आणलं तर मीही विचारीन. आता आधी ग्रामपंचायतीत पत्र, मग पोलीस पाटील, मग पोरांना स्क्रीन दाखवायचा आणि मग बॅटरी लावायची.

सगळ्यात आवडीचं काम 2025 च्या मार्चमधलं, निघोजचे रांजणखळगे, एका कॉलेजच्या प्रोफेसरांसाठी. कुकडीच्या पात्रात प्रवाहाबरोबर गोटे गरगर फिरून कातळात रांजण कोरलेत. एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला निघोज. मी नेहमीसारखं सरळ खाली बघत 60 मीटरवरून फ्लाइट मारलं, रात्री पीसीवर बघतो तर खळग्यांच्या भिंती मेणबत्ती वितळल्यासारख्या. बरोबरच आहे, उभी भिंत वरून दिसणार कशी. दुसऱ्या दिवशी कॅमेरा तिरका केला, 15 मीटरवर आलो आणि ऊन खळग्यात उतरेल अशा वेळेला, बारा ते दीडच्या मधेच उडवलं, काळा कातळ इतका तापलेला की बुटातून चटके. तरी तीन खोल खळगे राहिलेच, तळ अंधारात. तेव्हा बाबांनी गाडीतून त्यांचा लेव्हलिंगचा स्टाफ, म्हणजे पातळी मोजायची आकडे टाकलेली लांब पट्टी, काढला, टोकाला माझा मोबाईल रबराने बांधला आणि काठावर पालथे पडून स्टाफ हळूहळू आत सोडला. दर वीतभर खाली गेल्यावर थांबायचे, गोल फिरवायचे, "आला का रे?" विचारायचे. मी त्यांचे पाय धरून बसलेलो.

ज्या खळग्यांत पाणी होतं त्यांचा तळ आम्ही मॉडेलमध्ये दाखवलाच नाही, पाण्यातून फोटो घेतला की खोली चुकते. ती जागा राखाडी सोडली. प्रोफेसरांनी विचारलं अंदाजाने भरता येईल का, दिसायला बरं दिसेल. मी हो म्हणणार तेवढ्यात बाबा म्हणाले, नको, मे महिन्यात पाणी आटलं की परत येऊ, स्टाफ आहेच गाडीत.