पी-ए-एस : ल्युब्लियाना ते फ्रान्स, पाट्या वाचत

ल्युब्लियानाहून झाग्रेबकडे गाडीने निघालो की महामार्गावरच हा शब्द भेटतो. रोमन लिपीत तीनच अक्षरं, पी-ए-एस. स्लोव्हेनियन भाषेत पास म्हणजे पट्टा. 'ओद्स्तावनी पास' ही गाडी बंद पडली तरच थांबायची कडेची पट्टी, आणि सीटबेल्ट म्हणजे 'वार्नोस्त्नी पास'.

ओब्रेझ्येला हद्द ओलांडून क्रोएशियात शिरलं की घरांच्या फाटकांवर पाटी दिसते, 'ओश्तार पास'. इथे पास म्हणजे कुत्रा आणि ओश्तार म्हणजे तिखट, चावरा. फाटक उघडू नका, बाहेरूनच हाक मारा. मूळ स्लाव्हिक शब्दातल्या आखूड स्वराचा क्रोएशियनमध्ये 'अ' झाला, स्लोव्हेनियनमध्ये 'ए'. म्हणून तिकडचा कुत्रा 'पेस'. पट्ट्याचा शब्द वेगळ्याच मुळाचा, क्रोएशियनमध्ये तो अजून 'पोयास' असा पुरता उरलाय. विभक्ती लागली की क्रोएशियन कुत्र्याचं रूप आक्रसतं: 'प्सा', 'प्सी', 'प्से'. समुद्रकाठी 'प्लाझा झा प्से' दिसलं तर तो किनारा कुत्र्यांसाठी राखलेला. चादर पसरण्याआधी पाटी वाचा.

पोलंडमध्ये पुन्हा पट्टा. 'बुसपास' ही बसची मार्गिका, तीत भाड्याची गाडी घातली तर दंड. चेकमध्ये मात्र ऱ्हस्व 'पस' म्हणजे पासपोर्ट आणि दीर्घ 'पास' म्हणजे पट्टा. फरक फक्त ए वरच्या तिरक्या रेघेचा, आणि फोनवर टाइप करताना नेमकी तीच गळते.

नेदरलँड्समध्ये फाटकावर 'पास ऑप व्होर द होंत' लिहिलेलं असतं. इशारा कुत्र्याचाच, पण कुत्रा शेवटच्या शब्दात आहे. 'पास ऑप' म्हणजे सांभाळा. नुसता 'पास' म्हणजे कार्ड किंवा ओळखपत्र, आपल्या एसटीच्या पासचा सख्खा नातलग.

सगळ्यात जपायचं ते फ्रान्समध्ये. गोल चौकाच्या तोंडाशी पाटी असते, 'व्हू नाव्हे पा ला प्रिओरिते'. एस उच्चारत नाहीत, आणि हा 'पा' म्हणजे नकार: तुम्हाला आधी जायचा हक्क नाही. घाईत फक्त शेवटचा शब्द वाचला तर अर्थ नेमका उलटा होतो. थांबा, डावीकडून येणाऱ्या गाड्या जाऊ द्या, मगच चौकात शिरा.

भाषांतराच्या ॲपला एवढ्याशा शब्दावरून भाषा ओळखणं जमत नाही. देश बदलला की ॲपमधली भाषा हाताने बदला आणि फोटो अख्ख्या पाटीचा घ्या.