कूलंटचा दिवा आणि पसरणीचा घाट

मे महिन्यात पुण्याहून महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं, असा बेत होता. गाडी डिझेलची, पंधरा वर्षं ओलांडलेली. खंबाटकीच्या घाटात वळण घेतलं की कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, दिवा लागायचा, गाडी सरळ झाली की विझायचा. तापमानाचा काटा मात्र मधोमध, जागचा हललेला नाही.

असा वळणावर लागणारा दिवा बहुतेक वेळा पातळीचा असतो. बाटलीतलं कूलंट कमी झालं की वळणावर ते एका बाजूला कलतं आणि सेन्सर उघडा पडतो. जुन्या गाडीत सेन्सरवर गाळ बसूनही दिवा लागतो, पण ते ठरवायचं बाटली डोळ्यांनी बघून. पातळीचा दिवा थोडी सवड देतो, तापमानाचा देत नाही. बऱ्याच गाड्यांत पातळीचा सेन्सरच नसतो, त्यामुळे आपल्या गाडीतला दिवा नेमका कशाचा, हे मॅन्युअलमध्ये घरीच बघून निघा. तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. थांबायला जागाच नसेल तर तेवढ्यापुरता हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते.

सुरूर फाट्याला वळून आम्ही हळूहळू वाई गाठली आणि तिथेच थांबलो. पुढे पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरांत जवळपास ६०० मीटरचा चढ आहे. शंका असलेली गाडी पसरणीच्या घाटात घालू नका. वाईत गॅरेज आहे, सावली आहे, पाणी आहे. घाटात अरुंद रस्ता आणि मागे एसटी.

सावलीत बॉनेट उघडून ठेवलं. रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताने सहज धरता येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. दाबाखालचं उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. गाडी निवल्यावर जाड फडकं टाकून झाकण थोडं फिरवलं, वाफ जाऊ दिली, मग काढलं. पातळी खालच्या खुणेच्याही खाली.

आता गळती कुठे? खाली रस्ता कोरडा होता. पण वरच्या होज पाइपच्या टोकाला, क्लिपच्या खालच्या कडेशी, सुकलेल्या कूलंटची पांढरट गुलाबी खपली धरली होती. ती पुसून काढली, कूलंट भरलं, इंजिन सुरू केलं आणि टॉर्च धरून बसलो. गार असताना काही नाही. इंजिन तापून पाइप टणक झाला तसा त्याच जागी एक थेंब फुगला आणि इंजिनाच्या तापलेल्या ब्लॉकवर पडून लगेच सुकला. म्हणून रस्ता कोरडा.

मेकॅनिकने पाइपाचं चिरलेलं टोक अर्धा इंच कापलं, पुन्हा चढवलं, नवी स्क्रूची क्लिप आवळली. हीटर गरमवर ठेवून आत अडकलेली हवा काढली. ही हवा काढणं कुणालाही टाळू देऊ नका. तापमानाचा सेन्सर हवेत राहिला तर इंजिन तापत असताना काटा उलट खाली दिसू शकतो. झाकणाचं रबरही कडक झालेलं निघालं, तेही बदललं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं; दाबाखाली ते उशिरा उकळतं, दाब धरणारं झाकण म्हणूनच महत्त्वाचं.

खपली कुठेच नसेल तर पुढच्या सीटखालची मॅट ओली आहे का आणि गोडसर वास येतोय का, ते बघा. हीटर गळत असेल. वॉटर पंपाच्या खालची बाजूही तपासा. ऑइल दुधाळ झालं असेल किंवा बाटलीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय धरा आणि गाडी टो करून न्या.

सोबत तयार मिश्रणाचं एक लिटर कूलंट, दोन क्लिपा, स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च असू द्या. नुसत्या रंगावरून कूलंट निवडू नका, न जुळणारे प्रकार एकत्र झाले तर गाळ धरतो. अडचणीत डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी चालेल, बोअरचं क्षारांमुळे नको. तापलेल्या इंजिनात गार पाणी तर मुळीच ओतू नका, हेडला तडा जातो. सांडलेलं कूलंट पुसून घ्या. ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात.

महाबळेश्वरला सकाळी गार इंजिनावर पातळी पाहिली, खुणेवर होती. मगच आंबेनळी उतरलो, खालच्या गिअरमध्ये. पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग लागतो, तिथे पुन्हा बॉनेट उघडून क्लिप पाहिली. कोरडी होती.