ब्रेक चिरकतोय? आधी चाक काढून बघा – माझा अनुभव

यंदा जुलैत साताऱ्याहून चिपळूणला जाऊन आलो, कुंभार्ली घाटात जाताना येताना धो धो पाऊस आणि रस्त्यावर लाल चिखल, आणि परत आल्यापासून ब्रेक दाबला की पुढून बारीक चिरका आवाज यायला लागला. आता पावसाळ्यात ब्रेक आवाज करतात हे नवीन नाही. डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) बिडाची असते, गाडी रात्रभर ओली उभी राहिली की तिच्यावर गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळी पहिले काही ब्रेक खरखरतात, मग पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे तुकडे) तो थर पुसून काढतात आणि आवाज बंद. त्याला काही करायला लागत नाही. पण आमचा आवाज उलटा, सकाळी कमी आणि गाडी चांगली तापली की जास्त, त्यामुळे हा गंज नाही एवढं नक्की झालं.

जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली तर गाडी एक चक्कर फिरवून सांगितलं की दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागतील. चाक न काढताच सांगितलं हे मला अजिबात पटलं नाही. पैसे जाणार ते आहेच, पण खरं कारण दुसरंच असलं तर नवीन पॅडसुद्धा तसेच खराब होणार ना. म्हणून ठरवलं की आधी आवाज नीट ऐकायचा, मग चाक उघडून बघायचं, आणि मगच काय आणायचं ते आणायचं.

ऐकणं हाच यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं माझं मत झालंय, आणि लोक तोच सोडून देतात. सगळ्या काचा खाली करून गाडी भिंतीच्या कडेने हळू चालवायची, भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूचा ते कळतं. बाबांना चालवायला बसवलं आणि मी शेजारून चालत होतो.

"बाबा, ब्रेक अगदी हलका दाबा."

"दाबलाय रे. हा बघ, डावीकडून येतोय ना?"

डावीकडूनच होता. बारीक शिट्टीसारखा किंवा चिरका आवाज असेल तर पॅड झिजत आलेत (बऱ्याच पॅडला एक छोटी पत्ती असते, जाडी कमी झाली की ती डिस्कला घासून मुद्दाम आवाज करते), किंवा पॅड घाटात तापून वरून काचेसारखे गुळगुळीत झालेत, किंवा पॅडच्या मागचे पातळ पत्रे (शिम) आणि क्लिपा सुकल्यात, ग्रीस राहिलं नाही. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा करकर आवाज असेल तर पॅड संपलेत, तेव्हा गाडी चालवायचीच नाही. आणि ब्रेक न दाबताही सतत घासल्याचा आवाज येत असेल तर डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो, कच्च्या रस्त्यावर हे खूप होतं, खडा निघाला की आवाज गेला.

मग अजून एक केलं, हायवेला थोडं फिरून ब्रेक फारसा न वापरता गाडी थांबवली आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात नेला (डिस्कला हात लावायचा नाही, भाजतं). उजवं कोमट आणि डावं चांगलंच गरम. म्हणजे डावीकडे ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला टेकून राहतोय. इथेच मला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग) अडकल्याची शंका आली.

उघडताना घाई करायची नाही. सपाट फरशीवर गाडी, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना पुढून मागून दगड, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक आणि जॅकच्या शेजारी स्टँड (गाडीचं वजन पेलणारा पक्का टेकू). गाडीतल्या जॅकच्या भरवशावर चाक काढून कोणी काम करू नका, तो फक्त स्टेपनी बदलण्यापुरता असतो, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. तोंडाला मास्क लावायचा आणि ब्रेकची धूळ फुंकायची नाही, ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसायची.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलला आणि पॅड बाहेर काढले तर कारण समोरच होतं. बाहेरच्या पॅडवर ८ मिमीच्या आसपास माल शिल्लक आणि आतला जेमतेम ३ मिमी, तोही तिरका झिजलेला. या प्रकारच्या कॅलिपरला पिस्टन आतल्या बाजूलाच असतो, तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो, सोडल्यावर परत सैल होतो. पिन सरकत नसेल तर सगळा भार आतल्या पॅडवर. खालच्या पिनेचा रबरी बूट फाटला होता, आत पाणी जाऊन ग्रीसची गंजलेली पेस्ट झाली होती आणि पिन हाताने हलेना.

डिस्क मात्र चांगली होती. तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचून व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) मोजली, कडेला गंजाची जी उंच धार तयार होते ती सोडून आत मोजायचं, आणि जाडी त्याच्या वरच होती, खोल चरेही नाहीत. म्हणजे डिस्क बदलायची गरज नव्हतीच.

मग पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड (एका बाजूचे कधीच बदलायचे नाहीत, गाडी एका बाजूला ओढते) आणि पिना व बूटचं किट आणलं, किट पॅडच्या मानाने अगदीच स्वस्त. पिनेची भोकं साफ केली आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साधं पिवळं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पॅडच्या कानांना आणि मागच्या पत्र्याला अगदी पातळ ग्रीस, डिस्कला टेकणाऱ्या बाजूला थेंबसुद्धा नाही. आवाज बंद करायला डिस्कवर तेल किंवा स्प्रे मारा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ब्रेकच लागणार नाही. कॅलिपर काढल्यावर तारेने वर बांधून ठेवायचा, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत नाही सोडायचा. नवीन पॅड जाड असतात म्हणून पिस्टन सी क्लॅम्पने हळूहळू आत ढकलायला लागतो, तेव्हा ब्रेक ऑइल वर चढतं, त्यामुळे बॉनेट उघडून डबीकडे लक्ष ठेवायचं, रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवायचं.

सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं! पिस्टन मागे गेलेला असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं. मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर ५० च्या स्पीडवरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं चालवून गार करत परत परत, म्हणजे नवीन पॅड डिस्कवर नीट बसतात. चिरका आवाज गेला आणि दोन्ही रिम सारखेच कोमट लागतात, मला यातच खरं समाधान वाटलं.

मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकला मी हात लावला नाही, तिथल्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात आणि लायनर (ड्रममध्ये पॅडचं काम करणारे) सेट करायला सवयीचा हात लागतो. ते दिवाळीच्या आधी ओळखीच्या मेस्त्रीकडून समोर उभं राहून करून घेणार आहे, आणि तेव्हाच ब्रेक ऑइलही बदलणार. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवीन असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही पण पाणी धरल्यावर ही हद्द १४० पर्यंत येते, आणि आमचं घाटात जाणं येणं चालूच असतं.