रोटाच्या गव्हात मावश्यांच्याही मुठी

अमळनेर-धुळे पट्ट्यातल्या एका वृद्धाश्रमात मी बरीच वर्षं कोठीघर आणि हिशेब सांभाळला. तिथल्या वर्षभराच्या कार्यक्रमांचा विषय निघाला की मला सगळ्यात आधी कानबाई आठवते. वाढदिवस, सहली, पाहुण्यांची भाषणं हे सगळं त्यानंतर.

खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. नारळालाच डोळे, नथ, दागिने घालून देवी सजवायची, रात्र गाण्यांनी जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. या सणाचा जीव मात्र रोटात. घरातल्या माणसांच्या मोजणीने मुठी घेऊन गहू काढायचे, दळायचे, त्याचाच नैवेद्य करायचा. आणि हे रोट भाऊबंदकीबाहेर द्यायचे नाहीत, अशी जुनी रीत.

आता आश्रमात कोण कुणाचं भाऊबंद? कुणी शिरपूरकडचं, कुणी पारोळ्याचं, कुणी साक्रीचं. पहिल्या वर्षी हा प्रश्न निघाला तेव्हा शिंदखेड्याच्या आजींनी तो निकाली काढला. (आश्रमात सगळ्यांना गावाच्या नावानेच ओळखायचे, आम्हीही तसंच म्हणायचो.) "आते हाईच आपलं घर," एवढं बोलून त्या सूप घेऊन बसल्या. एकेकाचं नाव घेत मूठ टाकत गेल्या. आजी-आजोबांची नावं संपली तरी हात थांबेना. रात्रपाळीच्या मावशी, स्वयंपाकीण बाई, वॉचमन, गाडीचा ड्रायव्हर, झाडूवाली पोर, शेवटी माझं नाव. कुणीतरी रीत आठवून दिली. आजी म्हणाल्या, "रातले माले कुशीवर कोन फिरावस? मंग ती भाऊबंदमाच येस."

हे बोलणं नुसत्या मायेचं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात. दिवसा ते सोपं. पण रात्री एकला, तीनला, पाचला उठून, समोरचा माणूस रागावला तरी हळू हाताने वळवायचं, चादरीची सुरकुती काढायची आणि पुन्हा पाणी विचारायचं. या कामाची पावती कुठल्या वहीत नोंदवत नाहीत. ती त्या दिवशी सुपात पडलेली मी पाहिली. रात्रपाळीच्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि सरळ चुलीकडे गेल्या. त्या वर्षीच्या पुरणपोळ्या त्यांनीच लाटल्या.

पुढे दरवर्षी तसंच. 2020 मध्ये बाहेरचं कुणी आत येऊ शकत नव्हतं आणि बऱ्याच मावश्या घरदार सोडून आश्रमातच राहिल्या होत्या. त्या साली मुठी टाकताना त्यांच्या मुलांचीही नावं घेतली गेली.

सत्काराचा कार्यक्रम आमच्याकडे 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी व्हायचा. संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये हा दिवस ठरवला. पाहुणे केळीचे घड आणि बिस्किटं घेऊन यायचे, आजी-आजोबांना शाली द्यायचे. 12 मेला परिचारिका दिन असतो, पण आमच्या मावश्या परिचारिका नव्हत्या. त्यांच्यासाठी असा दिवसच नव्हता. मग एका निवृत्त मास्तरांनी सुचवलं की आपल्या दिवसातला अर्धा त्यांना द्यायचा. शाल-श्रीफळ नको, प्रत्येकाने एक प्रसंग सांगायचा. मला ही कल्पना फार आवडली, आजही आवडते, कारण 'निःस्वार्थ सेवा' हे शब्द कुणालाही चिकटवता येतात, प्रसंग मात्र त्याच माणसाचा असतो. एका बाबांनी सांगितलं, की कानाच्या यंत्राचा सेल संपलेला आधी झाडूवाल्या पोरीच्या लक्षात येतो. साक्रीच्या आजी म्हणाल्या, की मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा स्वयंपाकीण बाई विचारत बसत नाही, सरळ पन्ह्याचा पेला हातात देते. म्हातारपणी तहान कमी जाणवते, त्यामुळे 'हवं का' विचारलं की उत्तर 'नको' असतं. हे तिला अनुभवाने कळलं होतं. पाहुण्यांची भाषणं त्या दिवशी आपोआप आखूड व्हायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कडुनिंबाला झोका बांधायचो. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. काही आजींच्या यायच्या, काहींच्या नाही. ज्यांच्या येत नसत, त्या आजी मावश्यांना आग्रहाने झोक्यावर बसवायच्या.

आणि हिवाळ्यातली भरीत पार्टी! जळगावकडची मोठी हिरवी वांगी, ती भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्या. धूर डोळ्यांत जायचा, पण काड्यांच्या जाळाशिवाय भरताला ती चव नाही, यावर सगळ्यांचं एकमत. लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेल सोडायचं. सोबत पुऱ्या आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. पहिली पंगत कामकरी मंडळींची आणि वाढपी आजोबा, हा नियम शिरपूरच्या बाबांनी घातला. त्यांचा हात कापायचा म्हणून भरताचं भांडं न देता त्यांना कांदा-मुळ्याचं ताट दिलं जाई. ते प्रत्येकापुढे थांबून "घ्या ना अजून" म्हणत. वर्षभर दुसऱ्यांना वाढणारी स्वयंपाकीण बाई सुरुवातीला बसायलाच तयार नसे, सारखी उठून कढईकडे बघे. दोन आजी तिच्या दोन्ही बाजूंना बसून तिला धरून ठेवत आणि तिसरी तिच्या पानात भरीत वाढे.