पैसे न मागणारा फोन

गेल्या मंगळवारी कुकर लावत होते, तेवढ्यात इथल्या, पिट्सबर्गच्या माझ्या विद्यापीठातून एका विद्यार्थिनीचा फोन आला. देणगीच मागणार, म्हणून मी नाही म्हणायच्या तयारीत. तिने मागितलीच नाही. "गेल्या वर्षी तुम्ही ५० डॉलर दिले होते, यंदा नाहीत. आमचं काही चुकलं का?" एवढंच विचारलं, आणि मी बोलत गेले ते टिपून घेतलं.

माझ्यासारख्यांना इथे 'लायबंट' म्हणतात. गेल्या वर्षी दिलं, दुर्दैवाने यंदा नाही, असा त्याचा अर्थ. त्यांची वेगळी यादीच असते. किती डॉलर आले हे तर मोजतातच. पण जुन्यांपैकी कितीजण परत आले, एक डॉलर जमवायला किती सेंट गेले, हेही मोजतात. पत्राचे दोन मसुदे दोन गटांना पाठवून कुठल्याला जास्त उत्तरं येतात ते बघतात. मी म्हटलं, तुमच्या पत्रात इमारतींचे फोटो असतात, माझ्या पैशांचं काय झालं ते नसतं. तेही तिने लिहून घेतलं. देणगी आणि जनसंपर्क यांची इथे फारकत नाही. माजी विद्यार्थ्यांची आणि जनसंपर्काची अशा दोन जुन्या संघटना १९७४ मध्ये एकत्र येऊनच 'केस' ही या कामातल्या लोकांची संस्था झाली.

फोन ठेवला आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं कॉलेज आठवलं. पाच वर्षांपूर्वी प्रयोगशाळेसाठी २५,००० रुपये पाठवले. पावती नाही, दोन ओळींचं पत्र नाही. मायक्रोस्कोप घेतले की पंखे लावले, कळलं नाही. दोनदा विचारलं, दोन्हीदा "साहेब रजेवर आहेत." मग नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती यायच्या महिन्यात अचानक निरोपांवर निरोप: फॉर्म भरा, मेळाव्याचे फोटो पाठवा. नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग विचारायचे ना! फॉर्म भरला. त्यात पावतीबद्दल लिहायला जागाच नव्हती. हे मला फार लागलं. मूल्यमापन हे समितीला दाखवण्यापुरतं, देणाऱ्याला विचारण्यासाठी नाहीच?

आणि कोकणाला देणं कुणी शिकवायला नको. चिपळूणच्या डीबीजे कॉलेजच्या नावात दातार, बेहेरे, जोशी आहेत. हिशेबही शिकवायला नको. आमच्या वाडीत शिमग्याला पालखी सहाणेवर असताना मंडळाचा जमाखर्च वाचतात. ५१ रुपये देणाऱ्याचंही नाव येतं, आणि "मांडवाला इतकं कसं गेलं?" असं कुणीही उठून विचारतं. हे पिट्सबर्गला कुठे आहे?

कॉलेजची अडचणही मला कळते. इथे या कामाला अख्खा विभाग आहे. तिथे प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा सगळं दोन लिपिकांवर. त्यात अमेरिकी पासपोर्ट घेतलेल्या माझ्या मैत्रिणीचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय कॉलेजला घेता येत नाहीत. माझा पासपोर्ट भारतीय, म्हणून माझ्या बचतीतले बँकेतून पाठवलेले चालतात. पण कोण कुठल्या पासपोर्टवर आहे, हे विचारल्याशिवाय कळणार कसं?

पाच वर्षं मी पुन्हा काही पाठवलं नाही, ते राग धरून नव्हे. कुणी विचारलं असतं तर दिले असते.

काल प्राचार्यांना सविस्तर लिहिलं. गणपतीत चाकरमानी गावात असतात, तेव्हा दोन मुलांना वही देऊन बसवा, जुन्या देणगीदारांना फोन करू द्या. चार प्रश्न मीच लिहून दिलेत. पहिला: "तुम्हाला पावती मिळाली का?"